गालिचा झाडण्याचीं यंत्रें आणि दुकानदाराची शिफारस

गालिचा पुष्कळ वेळां स्वच्छ दिसतो तो केवळ धूळ पोटांत दडवून ठेवितो म्हणून. फरशीवरील केर डोळ्यांस दिसतो व केरसुणीनें निघतो. गालिच्यांतील बारीक वाळू मात्र तंतूंच्या मुळाशीं जाऊन बसते, आणि माणसें वरून चालूं लागलीं कीं तिच्या तीक्ष्ण कडा ते तंतू झिजवीत राहतात. तेव्हां गालिचा स्वच्छ ठेवणें हा केवळ शोभेचा नव्हे, तर तो टिकविण्याचाहि प्रश्न आहे. आपल्याकडे सतरंजी दोरीवर टाकून काठीनें झोडपली म्हणजे काम भागतें. परंतु इंग्लंड-अमेरिकेंत पुष्कळ घरीं गालिचा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमिनीस जखडलेला असतो; तेथें यंत्रावांचून गत्यंतर नाहीं.

या यंत्रांचा इतिहास मनोरंजक आहे. १८७६ सालीं अमेरिकेंतील ग्रँड रॅपिड्स शहरीं मेल्विल बिसेल यांनीं ढकलतांच ब्रश फिरून केर पेटींत पडेल अशा गाडीचें पेटंट घेतलें. १९०१ सालीं इंग्लंडांत ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनीं हवेबरोबर धूळ शोषून घेणारें यंत्र काढलें. तें एवढें अवजड होतें कीं घोड्याच्या गाडीवर घालून रस्त्यांत उभें करीत व त्याच्या लांब नळ्या खिडकींतून घरांत सोडीत. १९०८ सालीं ओहायओ संस्थानांतील जेम्स मरे स्पँगलर या झाडलोटीचें काम करणाऱ्या, दम्यानें पीडलेल्या गृहस्थानें एका माणसास हातानें चालवितां येईल अशा विजेच्या यंत्राचें पेटंट मिळविलें. पुढें हूवर कुटुंबानें त्याचे हक्क घेतले.

आज घरगुती यंत्रांचे मुख्य प्रकार तीन. पहिला, नुसत्या ओढीनें धूळ घेणारा. दुसरा, ओढीबरोबर फिरत्या ब्रशानें तंतू विंचरून खोल बसलेली वाळू वर आणणारा. दाट, कापलेल्या तंतूंच्या गालिच्यास हा उत्तम. परंतु मिर्झापूर-भदोहीकडील हातविणीच्या गालिच्याची झालर त्या ब्रशांत अडकून तुटण्याचें भय असतें. तिसरा, साबण मिसळलेलें ऊन पाणी फवारून तें मळासह परत ओढून घेणारा. याला लोक वाफेचें यंत्र म्हणतात. वस्तुतः त्यांत बहुधा वाफ नसून ऊन पाणीच असतें. डागांस हें यंत्र गुणकारी खरें, परंतु आधीं कोरडी धूळ न काढतां वापरल्यास तिचा चिखल होतो, आणि पाणी आंत राहिल्यास बुरशी धरून दुर्गंधि सुटते. लोकरीच्या रंगीत गालिच्यावर तें चालविण्यापूर्वीं एका कोपऱ्यावर ओलें पांढरें फडकें दाबून रंग सुटतो कीं काय, हें पाहावें.

आतां दुकानदार अमुकच यंत्र कां सुचवितो, याचा विचार करूं. कांहीं कारणें प्रामाणिक असतात. ज्या यंत्राचे सुटे भाग गांवांतच मिळतात आणि जें दुरुस्तीस वारंवार येत नाहीं, तें विकणें दोघांच्याहि सोयीचें असतें. परंतु दुसरींहि कारणें आहेत. एखाद्या मालावर नफा अधिक सुटतो. एखाद्यावर विक्रेत्यास कमिशन मिळतें. एखादा माल वखारींत पडून राहिलेला असतो. कित्येक मोठ्या दुकानांत शिफारस करणारा मनुष्य दुकानाचा नसून कारखान्याचाच पगारी असतो. शिवाय पिशव्या, गाळण्या व साबण हीं पुन्हा पुन्हा लागतात. ज्या यंत्रास त्याच कारखान्याचा साबण लागतो, त्याची किंमत एकदां देऊन संपत नाहीं.

प्रात्यक्षिकानेंहि भुलूं नये. १९८२ सालीं निघालेल्या युरेका फोर्ब्स कंपनीनें आपल्या देशांत दारोदार जाऊन यंत्र चालवून दाखविण्याची पद्धत रूढ केली, हें पालकांस आठवत असेल. आपल्याच गालिच्यांतील धूळ डोळ्यांदेखत निघालेली पाहून मनुष्य थक्क होतो. परंतु एका फिरवणींत गालिचा कधींच पुरता रिकामा होत नाहीं. म्हणून एका यंत्रामागून दुसरें फिरविलें तरी धूळ निघतेच. यावरून दुसरें यंत्र श्रेष्ठ ठरत नाहीं. गालिच्यांत धूळ होती एवढेंच ठरतें.

आंकड्यांचेंहि तसेंच आहे. वॉट हा आंकडा यंत्र वीज किती खातें हें सांगतो. तें धूळ किती ओढतें हें सांगत नाहीं. युरोपीय संघानें २०१४ सालापासून या यंत्रांवर गुणपत्रिकेप्रमाणें चिठ्ठी लावण्याचा नियम लागू केला व विजेची मर्यादा १६०० वॉट ठेविली. २०१७ सालीं ती ९०० वर आणली. पुढें २०१८ सालीं तेथील न्यायालयानें चिठ्ठीचा नियम रद्द केला, कारण चाचणी रिकाम्या पिशवीनें होत असे, आणि घरांत तर पिशवी भरत जाते. सरकारी चिठ्ठीसहि जेथें असा प्रश्न विचारावा लागला, तेथें दुकानांतील पाटीस कां विचारूं नये?

म्हणून खरेदीपूर्वीं चार प्रश्न अवश्य विचारावे. आमच्या घरच्या गालिच्यास हें योग्य कां? पिशवी अर्धी भरल्यावर ओढ किती राहते? वर्षाकांठीं गाळण्या-साबणाचा खर्च काय? बिघडल्यास दुरुस्ती कोठें व किती दिवसांत? आपल्या देशांत २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें मालाचा दर्जा, प्रमाण व किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकास दिला आहे. पण तोंड न उघडणाऱ्यास हक्काचा उपयोग नाहीं.

शिफारस ऐकूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ती कोण करतो व त्यांत त्याचें हित कोणतें, हें जाणून ती ऐकावी. आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक उद्यां गल्ल्याच्या पलीकडे बसतील. गिऱ्हाइकानें हेच चार प्रश्न विचारले असतां ज्याला खरें उत्तर देतां येईल, त्याच्या दुकानाची पायरी लोक पुन्हा चढतील.