घरांचे दफ्तर

वेरूळच्या डोंगरात अकरा क्रमांकाचे जे बौद्ध लेणे आहे त्यास लोक अद्यापही ‘दोन ताल’ म्हणतात, आणि अंगणात उभे राहून मजले मोजू लागावे तर ते तीन भरतात. कारण असे की, डोंगरावरून पावसाळ्यागणिक वाहून येणाऱ्या मातीने खालचा मजला पुरता बुजून गेला होता, आणि १८७६ साली ती माती उपसली गेली तेव्हा कोठे तो पुन्हा उजेडात आला. तोवर कित्येक पिढ्यांनी दोनच मजले पाहिले, दोनच सांगितले, आणि तेच नाव रूढ होऊन बसले. दगडात कोरलेल्या वास्तूचा एक सबंध मजला लोकांच्या स्मरणातून नाहीसा होऊ शकतो, आणि तो होता असे सांगणारा एकही कागद कोणाच्या फडताळात नसतो, ही गोष्ट मला त्या लेण्यापुढे उभा राहिलो की दर वेळी अस्वस्थ करते.

कैलासाकडे पाहताना आपण देवालय पाहतो. परंतु दोन ताल, तीन ताल किंवा पाच क्रमांकाचे सुमारे ११७ फूट खोलीचे ते प्रशस्त लेणे, हे सगळे विहार, म्हणजे माणसांनी राहण्यासाठी केलेल्या जागा आहेत. भिक्षूला निजण्यापुरती कोठडी, भिंतीलगत दगडातूनच सोडलेला ओटा, आणि सर्वांनी एकत्र बसण्यासाठी मधला मंडप, असा हा घरांचाच आराखडा आहे. त्यात एकाच्या वाट्याला किती जागा यावी आणि सर्वांच्या वाट्याला किती, याचा विचार कोणीतरी बारकाईने केलेला दिसतो. तो कोणी केला, किती दिवसांत केला, आधी खडूने आखला की दोरीने, याविषयी आपल्या हाती काही नाही. कैलासाविषयी निदान एक दाखला आहे. बडोद्यास मिळालेल्या कर्कराजाच्या इ. स. ८१२ च्या ताम्रपटात कृष्णराजाने एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावर करविलेल्या शिवालयाची स्तुती आहे, आणि ते घडविणारा शिल्पी स्वतःच ‘हे आपल्या हातून कसे झाले’ म्हणून चकित झाल्याचे तीत सांगितले आहे. ही कवीची अतिशयोक्ती खरी. पण त्या शिल्प्याचे नावसुद्धा त्या पत्र्यावर उतरलेले नाही, आणि ज्या कामाचा आराखडा राहिला नाही त्या कामाविषयी पुढच्यांना केवळ आश्चर्यच करीत बसावे लागते.

या डोंगराची मापे घेऊन कागदावर उतरविण्याचा उद्योग अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सुरू झाला, आणि मराठी वाचकाने अभिमानाने ध्यानात ठेवावे असे एक नाव त्यात आहे. पुण्याच्या रेसिडेन्सीतील चार्ल्स मॅलेट याच्या पदरी असलेला गंगाराम तांबट हा चितारी वेरुळास येऊन या लेण्यांची रेखाटने करून गेला. त्याच सुमारास आलेल्या जेम्स वेल्सची चित्रे, त्याच्या मृत्यूनंतर, थॉमस डॅनिअलने १८०३ साली छापली. आणि पुढे जेम्स बर्जेसने १८८३ च्या अहवालात लेण्यांचे तलविन्यास पद्धतशीर प्रसिद्ध केले. गंगारामाची कित्येक रेखाटने आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ती तेथे नीट आहेत याचे समाधान मानावे. पण वेरूळच्या माणसाला आपल्या डोंगराचे पहिले कागद पाहावयाचे तर समुद्र ओलांडावा लागतो, हेही विसरू नये.

आता तीसेक किलोमीटर औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या शहराकडे यावे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडको महामंडळाकडे नव्या मुंबईच्या जोडीने नव्या औरंगाबादचेही काम आले, आणि चिकलठाण्याच्या व स्टेशनच्या कारखान्यांत रोजीसाठी आलेल्या, मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून नोकरीनिमित्त उतरलेल्या कुटुंबांसाठी शहराच्या पूर्वेस आणि ईशान्येस वसाहती उभ्या राहू लागल्या. त्यांची नावे कोणी महापुरुषांवरून ठेवली नाहीत. आराखड्यावरचे एन-१, एन-२ असे क्रमांकच पत्ते होऊन गेले, ते एन-१३ पर्यंत. हडको या केंद्रीय संस्थेच्या कर्जावर जी घरे झाली त्या भागाला लोकांनी ‘हडको’ असेच म्हटले, आणि आज येथला रिक्षावाला ‘सिडको-हडको’ हे एकाच दमात म्हणतो. वसाहतीचे नाव कर्जपुरवठा करणाऱ्या संस्थेवरून पडावे, हे त्या काळच्या मध्यमवर्गाच्या गृहस्वप्नाचे फार प्रामाणिक चित्र आहे असे मला वाटते.

येथे वेरूळच्या नेमके उलट घडले. तेथे वास्तू राहिली आणि कागद नाही. येथे कागद राहिला आहे आणि वास्तू ओळखू येत नाही. अल्प उत्पन्न गटाचे, लोकांच्या तोंडी एलआयजीचे, जे एकमजली जोडघर महामंडळाने हवाली केले, त्यावर मुलाच्या लग्नाच्या वेळी मजला चढला. अंगणाच्या कोपऱ्यातून लोखंडी जिना निघाला. मोरीची न्हाणी झाली. तुळशीवृंदावन गच्चीवर गेले आणि पुढच्या मोकळ्या जागेत दुकानाचे शटर बसले. हे सर्व स्वाभाविक आहे, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. माणूस राहतो म्हणूनच घर बदलते. परंतु एका रांगेतील वीस घरे मुळात कशी होती हे पाहावयाचे असेल तर रस्त्यावर उभे राहून भागत नाही, कोणाच्या तरी लोखंडी कपाटाचा वरचा खण उघडावा लागतो. तेथे प्लास्टिकच्या पिशवीत वाटपपत्र असते, ताबा पावती असते, हप्त्यांच्या पावत्यांची टाचलेली चळत असते, भाडेपट्ट्याचा करारनामा असतो, आणि या सर्वांच्या तळाशी, आठ घड्या घातलेला, कडांना तपकिरी पडलेला नकाशा असतो.

हा नकाशा कसा होत असे ते सांगितले पाहिजे, कारण ती विद्या आता हातातून गेली आहे. ड्रॉइंग बोर्डावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवावयाचा, टी-स्क्वेअर आणि गुण्या लावून काळ्या शाईच्या पेनाने रेघ मारावयाची, आणि रेघ चुकली तर दाढीच्या पात्याने ती शाई इतक्या हलक्या हाताने खरवडावयाची की कागदाला भोक पडू नये. ड्राफ्ट्समनची खरी परीक्षा या पात्यावर होत असे. मग तो पारदर्शक कागद रसायन लावलेल्या कागदावर ठेवून प्रखर प्रकाशाखालून न्यावयाचा: जेथे प्रकाश पोहोचला तेथले रसायन मरते, जेथे शाईच्या रेघेची सावली पडली तेथे ते जिवंत राहते, आणि अमोनियाच्या वाफेत गेले की त्याच जागी निळी-जांभळी रेघ उमटते. म्हणून त्यास अमोनिया प्रिंट म्हणत. ताज्या प्रिंटचा तो डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास ज्याने एकदा घेतला तो जन्मात विसरत नाही. नंतर हाताने रंग भरावयाचे, आणि त्या रंगांना शिरस्ता असे: नवे बांधकाम तांबडे, पाडावयाचे पिवळे. हा पिवळा रंग मला फार महत्त्वाचा वाटतो. जी पडवी, जी कुडाची भिंत, जे जुने न्हाणीघर मंजुरीनंतर आठवड्याभरात जमीनदोस्त झाले, त्याचे जगात एकच चित्र उरलेले असते, आणि ते म्हणजे या नकाशावरची पिवळी चौकट होय.

दुर्दैवाने हा कागद अल्पायुषी आहे. उन्हात किंवा नळीच्या दिव्याखाली त्याच्या रेघा विरत जातात, पार्श्वभूमी पिवळी पडते, घडीच्या रेषेवर तो आधी झिजतो आणि मग फाटतो, आणि त्यात उरलेली रसायने शेजारच्या कागदांनाही डाग पाडतात. म्हणून जाणते अभिलेखपाल अमोनिया प्रिंट निराळे ठेवतात, उघडून सपाट ठेवतात, आणि प्रकाशापासून जपतात.

घरांच्या कागदांतून केवळ भिंती दिसतात असे नाही, राज्यकर्त्यांचे मनही दिसते. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि त्याने गलिच्छ वस्त्या पाडून चाळी बांधल्या. त्यांतल्याच परळच्या एका चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे काढली. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत, १९२० साली, डेव्हलपमेंट खाते निघाले आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांचा संकल्प झाला; प्रत्यक्षात उतरल्या त्या सोळा हजारांच्या आसपास, २०७ चाळींत, पैकी वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. एकेक खोली १६० चौरस फुटांची. याच बीडीडी चाळी. आता त्या पाडून मनोरे उभे राहत आहेत, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पाचशे चौरस फुटांचे घर मिळाले याचा आनंद त्या कुटुंबांइतकाच मलाही आहे. पण १६० चौरस फुटांत चार पिढ्या कशा नांदल्या हे पुढे कोणी विचारील, तेव्हा उत्तर देण्यास नकाशे, भाड्याच्या वह्या आणि छायाचित्रे एवढेच साक्षीदार राहतील.

या साक्षीदारांना आसरा देणारी यंत्रणा आपल्याकडे जुनी आहे. १८२१ साली मुंबईत स्थापन झालेले रेकॉर्ड ऑफिस म्हणजेच आजचे राज्य पुराभिलेखागार. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत इलाख्याचे दफ्तर आहे, पुण्यास पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत, आणि आमच्या छत्रपती संभाजीनगरातही या खात्याचे कार्यालय आहे. तथापि कोणता कागद तेथवर पोहोचावा हे आधीच ठरून जाते. अँडरसन नावाच्या कलेक्टराने घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे कचेरीतील प्रकरणांची वर्गवारी होते: अ वर्ग कायम राहतो, ब वर्ग तीस वर्षे, आणि ड वर्ग वर्षभरात निकाली निघतो. कामकाजाच्या सोयीसाठी ही व्यवस्था उत्तम आहे, आणि ती नसती तर कचेऱ्या कागदांखाली गाडल्या गेल्या असत्या. पण वर्ग ठरविणारा कारकून ‘हा कागद कज्ज्यात लागेल काय’ एवढेच पाहतो, आणि घराचा नकाशा त्याच्या दृष्टीने परवानगीच्या अर्जाचा एक जोडकागद असतो. शंभर वर्षांनी कोणी विद्यार्थी स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या दिशेस होती हे शोधीत येईल, असा विचार करण्याचे त्याचे कामच नव्हे. तो विचार इतरांनी करावयाचा आहे.

मराठवाड्यात ही अडचण दुपटीने आहे. येथले दफ्तर निजामाच्या अमदानीत फार्सी आणि मग उर्दूत लिहिले गेले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य पालटले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राजधानी बदलली की दफ्तर हलते, आणि दफ्तर हलले की काही गठ्ठे मागे राहतात. आमच्या जुन्या मिळकतींच्या शोधात आजही माणसे हैदराबादेस तारनाक्याच्या अभिलेखागारापर्यंत जातात, आणि मुन्तखब, म्हणजे इनामाचा जुना दाखला, वाचून देणारा जाणता मिळेपर्यंत तेथेच अडून बसतात. सिडकोच्या वसाहतीही २००६ साली महानगरपालिकेच्या हवाली झाल्या, म्हणजे ज्याने बांधले तो एक आणि जो आज परवानगी देतो तो दुसरा. अशा प्रत्येक स्थित्यंतरात सर्वांत आधी गहाळ होतो तो मोठ्या आकाराचा, गुंडाळून ठेवावा लागणारा, कपाटात न मावणारा कागद, म्हणजे नकाशा.

नामांकितांचे कागद जगतात. सिकंदराबादेस जन्मलेले आणि सिडकोच्या आरंभीच्या काळात नव्या मुंबईचे मुख्य वास्तुकार असलेले चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात बेलापूरला कलाकारांची वसाहत उभी केली. सात सात घरे एका लहान चौकाभोवती, आणि प्रत्येक घर आपल्या स्वतंत्र तुकड्यावर, म्हणजे घरधन्याला ऐपतीप्रमाणे ते वाढविता यावे. त्यांची सहा हजारांहून अधिक रेखाटने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सच्या संग्रहात गेली, २०१३ साली तेथे मोठे प्रदर्शन भरले, आणि पणजीला त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान काम करते. बेलापूरची घरे आज कितीही बदलली तरी मूळ कल्पना काय होती हे कोणासही पाहता येईल. एन-७ मधल्या घराचा नकाशा ज्याने काढला त्या ड्राफ्ट्समनचे नाव मात्र कोपऱ्यातील चौकटीत दोन आद्याक्षरांपुरते उरले आहे, आणि त्याच्या कागदांसाठी लंडनहून कोणी येणार नाही.

म्हणून माझी वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरी असा नकाशा असेल, आणि घर पुनर्बांधणीस देण्याचे घाटत असेल, तर बिल्डरच्या माणसाकडे मूळ प्रत सोपवू नका. त्यास नक्कल द्या. कागद फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. घड्या उलगडून, पातळ कोऱ्या कागदांच्या मध्ये, गादीखाली का होईना, पण सपाट ठेवा. दिवसाच्या उजेडात त्याचे एक स्वच्छ छायाचित्र घ्या. पाठीमागे साध्या पेन्सिलीने वसाहत, घराचा क्रमांक, ताबा मिळाल्याचे साल, आणि नंतर कोणत्या वर्षी कोणती खोली वाढविली ते लिहा. आईला विचारा, तिला ते साल मुलाबाळांच्या जन्मावरून नक्की आठवत असते. आणि तो कागद सांभाळणे होत नसेल तर रद्दीवाल्याकडे न देता पुराभिलेखाच्या कचेरीत किंवा जवळच्या वास्तुकला महाविद्यालयात नेऊन, हा कागद ठेवून घ्याल काय, असे विचारा.