खडूच्या खडकातील पाण्याचा जमाखर्च



मी शाळेत फार शिकलो नाही. कामगारांच्या वर्गणीचा हिशेब ठेवता ठेवता शिकलो. म्हणून आजचा विषयही जमाखर्चाच्या अंगानेच मांडतो.

इंग्लंडच्या दक्षिण भागात जमिनीखाली खडूचा जाड थर आहे. प्राचीन समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या चुन्याच्या कवचांचा तो गाळ होय. तिकडील कित्येक गावांना पिण्याचे पाणी त्यातूनच मिळते. या खडकाचा सुमारे एक तृतीयांश भाग पोकळ असतो. मग विहिरीला पाण्याची काय वाण, असे कोणीही म्हणेल. पण मुरणारा पाऊस निराळी साक्ष देतो.

ससेक्समधील चिलग्रोव्ह येथील एका विहिरीची पातळी १८३६ पासून मोजली जात आहे. हिवाळी पावसाने ती चढते, उन्हाळ्यात उतरते. अशा खडकात १०० मिलिमीटर पाणी मुरले, तर पातळी १० मीटरही चढू शकते. याचा अर्थ, भरण्यास मोकळी जागा शंभरात जेमतेम एक भाग! बाकीचे पाणी अतिसूक्ष्म छिद्रांनी घट्ट धरून ठेवलेले असते. ते निथळत नाही. विहिरीस मिळते ते मुख्यतः भेगांतले.

मग पाऊसही भेगांतूनच धावत खाली जात असेल काय? अणुबाँबच्या चाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास पावसात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, फार वाढला होता. बर्कशायरमध्ये खडकात भोके घेऊन त्याचा माग काढण्यात आला. १९७० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्यातील बहुतेक पाणी वर्षाला साधारण एकच मीटर उतरत होते.

पातळी तर त्याच हिवाळ्यात चढते! हे कोडे गिरणीच्या फाटकावरील रांग सोडवते. मागच्याने रेटा दिला की पुढचा आत जातो. रेटा देणारा मात्र रांगेतच राहतो. छिद्रांतील नवे पाणी जुन्याला असेच रेटते. थोडेसे पाणी तेवढे भेगांतून लवकर निसटते.

ही केवळ विद्वानांची करमणूक नव्हे. दुसऱ्या महायुद्धात नांगरलेली कुरणे आणि पुढे वापरलेली खते यांचे नायट्रेट याच चालीने उतरत आले आहे. पाणी ३० मीटर खोल असेल, तर वाट सुमारे ३० वर्षांची. आज खत आवरले, तरी आजोबांचे कर्ज नातू फेडणारच.

म्हणून विहीर भरलेली दिसली, तरी एवढ्यावर समाधान मानू नका. ती शिल्लक कोणत्या सालची आहे, हेही विचारा.