दोन लाखांचा कॉम्प्युटर घेण्याआधी ही सहा मिनिटांची फिल्म बघा!



या विषयावरच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं इथे सविस्तर लिहितोय.

प्रिंटिंगचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंचा फोन आला होता. "सर, मोठ्या टच स्क्रीनचा कॉम्प्युटर बघितलाय. दोन लाखांच्या पुढे जातोय, पण लोन मिळतंय. ग्राहक आणि डिझायनर समोरासमोर बसून पत्रिका फायनल करतील. घेऊ का?"

मी म्हटलं, "ताई, सही करायच्या आधी एक जुनी फिल्म बघा."

१९८७ सालचा 'उद्याचा' कॉम्प्युटर

ॲपल कंपनीने १९८७ मध्ये 'नॉलेज नेव्हिगेटर' नावाची एक छोटी फिल्म दाखवली. तेव्हा कंपनीचे प्रमुख होते जॉन स्कली. वेबचा जन्मही झाला नव्हता. फिल्ममध्ये एक प्राध्यापक पुस्तकासारखा घडीचा कॉम्प्युटर उघडतो. पडद्यावर बो-टाय लावलेला मदतनीस येतो, निरोप वाचून दाखवतो, दिवसभराची कामं सांगतो.

दुपारी प्राध्यापकाचं जंगलतोडीवर लेक्चर आहे आणि तयारी शून्य! (आपल्यासारखंच की नाही?) मग तो एका सहकारी बाईंना व्हिडिओवर गाठतो. त्यांच्याकडे ॲमेझॉनच्या जंगलाची माहिती, याच्याकडे सहारा वाळवंटाची. दोघं आपापली मॉडेल्स एकाच पडद्यावर जोडतात, आकडे बदलून बघतात, आणि एकट्याला दिसलं नसतं ते दोघांना मिळून दिसतं.

आता गंमत बघा. हे मशीन अस्तित्वातच नव्हतं, ती नुसती कल्पना होती. आणि त्या फिल्ममध्ये मेमरी किती, प्रोसेसर कुठला, याचा एक शब्द नाही. दिसतो तो फक्त एका माणसाचा कामाचा दिवस.

धडा पहिला : मशीन नको, काम बघा

दोन माणसांनी एकाच पडद्यावर काम करण्याची कल्पना त्याहूनही जुनी. ९ डिसेंबर १९६८ ला डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टेजवरून हे प्रत्यक्ष करून दाखवलं. त्यांचा सहकारी सुमारे ५० किलोमीटर लांब मेन्लो पार्कला बसला होता. एकमेकांशी बोलत दोघंही एकाच पडद्यावर काम करत होते. म्हणजे महत्त्व स्क्रीनच्या आकाराला नव्हतंच. दोघांनी एकाच वेळी एकच गोष्ट बघण्याला होतं.

धडा दुसरा : स्वप्नाची तारीख देऊ नका

त्याच ॲपलने १९९३ मध्ये हातात मावणारा 'न्यूटन' बाजारात आणला. हस्ताक्षर ओळखणं हा त्याचा मोठा दावा, आणि नेमकं तेच सुरुवातीला नीट जमेना. लोकांनी चेष्टा केली. १९९८ मध्ये तो बंद झाला. आयपॅड आला २०१० मध्ये, सिरी २०११ मध्ये. दिशा बरोबर होती हो, पण वेळ यायची होती. ग्राहकाला स्वप्न जरूर दाखवा, पण पैसे घ्या ते आज जमतंय त्याचेच.

मग ताईंचं काय झालं?

मी एकच प्रश्न विचारला, "ग्राहक दुकानात किती वेळा येतो?"

"एकदाच, सॅम्पल बघायला. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर."

झालं की! ग्राहक येतच नसेल, तर त्या भारी स्क्रीनसमोर बसणार कोण? खरी अडचण वेगळीच होती. ग्राहक व्हॉइस मेसेज पाठवणार, ताई तो ऐकून डिझायनरला सांगणार, डिझायनर नवी फाइल करणार. या फिरवाफिरवीत एका पत्रिकेवर मामांचं नाव चुकलं आणि ३०० पत्रिका स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापाव्या लागल्या.

आम्ही १५ दिवसांचा प्रयोग ठरवला. छपाईआधी एक व्हिडिओ कॉल. डिझायनर स्क्रीन शेअर करणार, ग्राहक प्रत्येक नाव मोठ्याने वाचणार, दुरुस्ती तिथल्या तिथे होणार, आणि शेवटी ग्राहकाचा लेखी 'ओके' आल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही. सगळ्यांना नाही जमलं. दोन ग्राहकांना कॉल लावता येईना, त्यांना दुकानात बोलावलं. पण त्या १५ दिवसांत एकही पत्रिका पुन्हा छापावी लागली नाही. लोनचा विषय ताईंनी सीझन संपेपर्यंत बाजूला ठेवलाय.

मोठं मशीन वाईट असं मी म्हणत नाही. रोज आठ तास चित्रं काढणाऱ्याला ते लागेलच.

तुमचा गृहपाठ

आज वहीत तीन ओळी लिहा :

१. माझ्या कामात निरोप कुठे अडकतो किंवा बदलतो?
२. त्या वेळी कोणत्या दोन माणसांनी एकच गोष्ट बघायला हवी?
३. आहे त्या मोबाईलवर हे १५ दिवस करून बघता येईल का?

तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तरच कोटेशन मागवा. आणि वहीतली पहिली ओळ मला कमेंटमध्ये नक्की लिहून पाठवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण हिशोबाने!