पुडिंगात लोणीफळ

साय आणि अंड्याचा बलक पुडिंगला जो गुळगुळीतपणा देतात, तो इथे अ‍ॅव्होकॅडो, म्हणजेच लोणीफळ, देतो. १०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम स्निग्धांश, बराचसा ऑलिव्ह तेलातल्यासारखा. तंतू ७ ग्रॅमच्या आसपास, साखर नावालाच. गोडी मधाची, आणि मध म्हणजेही साखरच, हे विसरू नका.

दोन पिकलेली फळं, पाव वाटी कोको, तीन-चार चमचे मध, चिमूटभर मीठ, लागेल तसं दूध. मिक्सरमधून काढून दोन तास फ्रीजमध्ये. फळ देठापाशी किंचित दबलं पाहिजे. कच्च्याची गवतासारखी चव कोकोलाही झाकता येत नाही. गॅसवर मात्र चढवू नका, तापलेला गर कडवटतो. कापल्यावर तो काळपटतोही, पण कोकोत ते कुणाला दिसतंय!