तेलाचा पडदा

लोणी कढवायला ठेवलं की पातेल्यात तडतड सुरू होते. ती पाण्याची. लोण्यात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब कोंडलेले असतात, ते वाफ होऊन निसटतात. अशाच, तेलात कोंडलेल्या थेंबांनी सांडपाण्यातला जड धातू वेचून काढता येतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

द्रवाचाच पडदा करायचा, ही कल्पना नॉर्मन ली यांची. 1968 साली त्यांना अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं. आम्लाचे काही मायक्रॉनचे थेंब तेलात घुसळायचे आणि ते दुधाळ मिश्रण सांडपाण्यात सोडून ढवळायचं. मोहरीहून लहान गोळे होतात, प्रत्येकाच्या पोटात आम्लाचे असंख्य थेंब. बाहेर पाणी, आत आम्ल, मध्ये तेल.

धातूचे आयन तेलात विरघळत नाहीत, म्हणून तेलात एक वाहक रसायन मिसळलेलं असतं. ते बाहेरच्या काठावर जस्ताचा एक आयन उचलतं आणि हायड्रोजनचे दोन सोडतं. आतल्या काठावर आम्लातून हायड्रोजन घेतं, जस्त उतरवतं, आणि पुन्हा माघारी. आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जस्त साठलं, तरी ही ने-आण थांबत नाही! एरवी विरघळलेली वस्तू दाटीकडून विरळाकडे पसरते. इथे ती उलटी चढते. विहिरीच्या कप्पीवर भरलेला पोहरा खाली जाताना दुसऱ्याला वर खेचतो, तसा आतून बाहेर उतरणारा हायड्रोजन जस्ताला ओढून घेतो.

ऑस्ट्रियातल्या लेन्झिंगला, व्हिस्कोस धाग्याच्या कारखान्यात, 1986 साली हे मोठ्या प्रमाणावर उभं राहिलं. ग्राझच्या तंत्र विद्यापीठातल्या रोल्फ मार यांच्या चमूने त्याचा पाया घातला होता. तासाला 75 घनमीटर पाणी, लिटरमागे सुमारे 200 मिलिग्रॅम जस्त. बाहेर पडताना उरे 0.3 मिलिग्रॅमच्या आसपास.

खरी कसोटी थेंबांची. ढवळताना ते फुटले तर पकडलेलं जस्त पुन्हा पाण्यात जाणार. काम झाल्यावर मात्र ते फुटायलाच हवेत. मग उच्च दाबाच्या विजेने ते एकमेकांत मिसळवतात. तेल वर येतं आणि पुन्हा वापरात जातं. खाली उरतं सल्फ्युरिक आम्लातलं जस्त, म्हणजे झिंक सल्फेट. व्हिस्कोसचा धागा ज्या कुंडात घट्ट होतो, त्यात हेच दोन पदार्थ लागतात. नदीत जाणारं जस्त पुन्हा त्या कुंडात पडतं आणि त्यातून नवा धागा ओढला जातो.