कोयत्याचे नियम घडीच्या चाकूला लागत नाहीत

नांदेड-लातूरच्या माणसाला लोखंड कळते. ऊसतोडीचा कोयता, विळा, खुरपे घिसाड्याच्या भात्यापुढे घडताना इथे अनेकांनी पाहिलेले असते. नांदेडला हुजूरसाहिब गुरुद्वाऱ्याच्या आसपास कृपाण-तलवारींची दुकाने आहेत. त्यामुळे पाते, कात्री, कानस, पेचकस असे सगळे पोटात घेतलेला घडीचा चाकू हातात आला की तो आपल्या सोयीने बदलून घ्यायची हिंमत इथे सहज होते. ही हिंमत मला मनापासून आवडते. पण कोयत्याबाबत खरे असलेले ज्ञान या चाकूवर जसेच्या तसे वापरले जाते, आणि चांगली हत्यारे त्यातूनच वाया जातात.

सर्वांत मोठा गैरसमज पाणी देण्याचा. ‘पाते मऊ पडले, तापवून पाणी देऊन आण,’ असे सांगितले जाते. कोयता अनेकदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून बनतो. ते कार्बन पोलाद असते. लालभडक करून बुडवले की कडक होते, आणि नंतर कडकपणा किती उतरवायचा हे घिसाड्याचा डोळा रंगावरून ओळखतो. घडीच्या चाकूचे पाते मात्र स्टेनलेसचे. त्यात साधारण अर्धा टक्का कार्बन आणि तेरा ते पंधरा टक्के क्रोमियम असते. ते कडक करायला हजार अंश सेल्सिअसच्या वरचे नेमके तापमान ठरावीक वेळ धरून ठेवावे लागते. कमी तापले तर कार्बन पुरेसा विरघळत नाही आणि पाते मऊ राहते, जास्त तापले तर ठिसूळ होते. कोळशाच्या भट्टीत हे साधत नाही. यात घिसाड्याचे कौशल्य कुठेही कमी पडत नाही, धातूच वेगळा आहे.

ग्राइंडरचा धोकाही उष्णतेचाच. धारेची कड इतकी पातळ असते की चाकावर ती क्षणात तापते. शिवाय पोलादावर उमटणारे पिवळे-निळे रंग स्टेनलेसवर उशिरा, बऱ्याच जास्त तापमानाला दिसतात. रंग आला नाही म्हणजे पाते तापले नाही, असे समजू नये. निळी छटा आली असेल तर त्या भागाचा कडकपणा उतरलाच. कारखान्यात मिळालेला हा कडकपणा घरी परत आणता येत नाही. म्हणून घरचे काम थंड ठेवावे: हातकानस, पाण्याची सहाण, बारीक पॉलिश पेपर, आणि पाते बोटाला गरम लागले की लगेच पाण्यात.

‘जितके कडक तितके चांगले’ हेही खरे नाही. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली स्वित्झर्लंडमध्ये कार्यशाळा सुरू केली आणि १८९७ साली आपल्या प्रसिद्ध ‘ऑफिसर’ चाकूची नोंदणी केली. त्यांच्याच व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या चाकूत आजही प्रत्येक भागाचा कडकपणा वेगळा असतो. रॉकवेल मापावर मोठे पाते सुमारे ५६, करवत आणि कात्री ५३, पेचकस आणि डबा फोडणी ५२, तर आतली स्प्रिंग ४९. पेचकसाला पीळ सोसायचा असतो, स्प्रिंगला वाकून परत यायचे असते. ती पात्याइतकी कडक केली तर मोडेल. बदल करताना हा हिशेब फार उपयोगी पडतो. न लागणाऱ्या डबा फोडणीचे टोक कानशीने घासून बारीक पेचकस करता येतो, गाठी सोडवायचा आकडा करता येतो. कानस त्याहून कडक असल्याने काम निवांत होते. त्याच डबा फोडणीचे पाते करायला जाल तर धार टिकणार नाही.

तेलाबाबत आपल्या भागाची एक खास चूक आहे. घरात करडईचे तेल असते, तेच सांध्यात सोडले जाते. करडई आणि जवस ही वाळणारी तेले. हवेतला प्राणवायू शोषून ती चिकट, मग घट्ट होतात. म्हणूनच चित्रकारांच्या तैलरंगांत ती वापरतात. सांध्यात मात्र काही महिन्यांत राळ बसते. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते, म्हणजे आपल्याकडे थंडीच्या सकाळी सांधा जखडणार. शिलाई मशीनचे तेल योग्य. त्याच चाकूने पेरू कापणार असाल तर औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन घ्यावे. जवसाचे तेल टाकून देऊ नका, लाकडी मुठीसाठी ते उत्तम आहे. फक्त तेल लावलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटू शकते, म्हणून उघड्यावर पसरून वाळवा.

मूठ बदलणे हा घरी करता येणारा सर्वांत आनंदाचा बदल, पण ‘कारखान्याने बसवलेले निघत नाही’ म्हणून लोक बिचकतात. अशा अनेक चाकूंच्या प्लास्टिक पट्ट्या पितळी खिळ्यांच्या डोक्यांवर फक्त दाबून बसवलेल्या असतात. पातळ पट्टी सरकवून हळूच उचकटल्या की निघतात. त्या जागी सागाची किंवा बाभळीची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी बसवता येते. साग तेलकट असतो, म्हणून गोंद लावण्याआधी तो ॲसिटोनने पुसावा. तेच ॲसिटोन किंवा थिनर मूळ प्लास्टिकवर मात्र लावू नये, ते विरघळते. ॲल्युमिनियमची मूठ असेल तर खिशातल्या चुन्यापासून जपा. ओल्या सिमेंटने ॲल्युमिनियमच्या खिडकीवर पडणारे डाग आणि हे डाग एकाच कारणाचे, क्षाराचे. स्टेनलेसही गंजते, घामाने आणि बोअरच्या खारट पाण्याने. पुसून कोरडे ठेवले की पुरते.

आता ज्यासाठी हा लेख आवर्जून लिहावासा वाटला, तो गैरसमज. ‘मूठ प्लास्टिकची आहे, शॉक लागत नाही.’ प्लास्टिक फक्त दोन बाजूंना असते. पाठ, स्प्रिंग आणि बाकीची हत्यारे उघडे धातू असतात, आणि बोट तिथेच टेकते. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरला तीन फेजचा ४१५ व्होल्टचा पुरवठा असतो. वरून टेप किंवा रबरी नळी चढवल्यानेही हत्यार सुरक्षित होत नाही. १००० व्होल्टसाठी बनवलेली खरी इन्सुलेटेड हत्यारे त्याच्या दहापट व्होल्टवर तपासलेली असतात. स्टार्टर उघडायचा असेल तर आधी मेन स्विच बंद, आणि हा चाकू खिशातच.

कायद्याबद्दल थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची मर्यादा आहे, आणि घरगुती व शेतीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश लागू असताना साधा चाकूही अडचणीत आणू शकतो. विमानाच्या केबिनमध्ये तो चालत नाही, चेक-इन सामानात टाकावा. ‘कृपाण चालते, मग चाकू का नाही?’ हा प्रश्न नांदेडला हमखास विचारला जातो. कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग असल्याचे राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये म्हटले आहे. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशांना सहा इंचांपर्यंत पात्याची आणि एकूण नऊ इंचांपर्यंत लांबीची कृपाण नेण्याची मुभा २०२२ च्या आदेशाने दिली. ती सवलत घडीच्या चाकूला लागू नाही.