साठीनंतरचा पहिला घास

मासे खाण्याची सवय बहुधा बालपणीच लागते. कोकणातल्या घरात आजी काटा काढून घास भरवते आणि थोड्याच वर्षांत नातवंड स्वतः काटा काढू लागते. ज्यांचे बालपण देशावर पिठले-भाकरीवर, फार तर अंडी-मटणावर गेले, त्यांना ही शिकवण मिळालेली नसते. अशा आपणांस उतारवयात डॉक्टर मासे खाण्याचा सल्ला देतात, तेव्हा प्रश्न पडतो : आता या वयात हे जमेल का? जमते, मात्र शिकणाऱ्याने घाई करू नये आणि शिकवणाऱ्याने आग्रह धरू नये.

वय वाढते तशी स्नायूंची झीज होते. जिना चढताना, खुर्चीतून उठताना ती जाणवते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे साठ किलो वजनाला सुमारे पन्नास ग्रॅम. दात कमजोर झाले की मटण चावत नाही आणि आहारातील प्रथिने आपोआप घटतात. शंभर ग्रॅम माशातून साधारण अठरा ते वीस ग्रॅम प्रथिने मिळतात. शिवाय माशाच्या मांसात चिवट तंतू कमी असल्याने ते थोड्या आचेवर मऊ होते. ब-१२ जीवनसत्त्व आणि, विशेषतः बांगडा व तारली यांतून, ओमेगा-३ स्निग्धाम्ले मिळतात, हा आणखी लाभ.

नवख्याला पहिला अडथळा येतो तो वासाचा. ताज्या माशाला समुद्राचा सौम्य वास असतो. वशाट वास येतो तो मासा शिळा होऊ लागल्यावर. म्हणून खरेदीच्या वेळी डोळे तकतकीत, कल्ले लालसर आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर येणारे आहे ना, हे पाहावे. साफ केलेल्या तुकड्यांना मीठ, हळद आणि लिंबाचा रस किंवा कोकमाचे आगळ लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. वास निर्माण करणारे द्रव्य आम्लामुळे बांधले जाते. कोकणी स्वयंपाकात कोकम आणि चिंच हवीच, ती केवळ चवीसाठी नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

आरंभ पापलेटने किंवा सुरमईच्या तुकडीने करावा. दोहोंचा मधला काटा ठळक असून सहज सुटतो. रोहू, कटला या गोड्या पाण्यातील माशांत बारीक दुहेरी काटे असतात. ते नवख्यासाठी नाहीत. बांगड्याची ओळख महिन्या-दोन महिन्यांनी करून घ्यावी. पहिल्या दिवशी तांदळाच्या पिठात घोळवून थोड्या तेलात परतलेले दोन घास पुरेत. पुढे नारळाच्या रसातील सौम्य कालवण भातासोबत घ्यावे. पहिल्याच दिवशी चव आवडली नाही, तर निराश होऊ नये. अनोळखी चवीशी सलगी चार-पाच भेटींनंतरच होते.

काट्याची भीती रास्त आहे आणि सावधपणाने ती आवरता येते. भरपूर उजेडात, चष्मा लावून, दूरचित्रवाणी बंद ठेवून जेवावे. चमच्याऐवजी बोटांनी खावे, कारण काटा बोटांना आधी कळतो. कवळीने टाळू झाकलेला असल्यास तोंडातला काटा जाणवत नाही. अशा व्यक्तीने प्रत्येक तुकडा ताटातच चाचपून घ्यावा. काटा घशात अडकलाच, तर भाताचा गोळा किंवा केळे गिळून तो ढकलू नये. त्याने तो अधिक रुततो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

काही पथ्ये सर्वांनीच पाळावीत. मासा उन्हात किंवा ओट्यावर तासन्‌तास ठेवू नये; अशा बांगड्यात तयार होणारे विषारी द्रव्य शिजवूनही नष्ट होत नाही. युरिक आम्ल वाढलेल्यांनी तारली व बांगडा, तर रक्तदाब असलेल्यांनी खारवलेली सुकी मासळी टाळावी. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. अंगावर पित्त उठले किंवा ओठ सुजले, तर मासे थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. श्वास लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. पक्षाघात किंवा कंपवातामुळे गिळण्यास त्रास होत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याविना मासा देऊ नका. काटे काढताना ज्येष्ठांना शेजारी बसवा, त्यांनाही काढू द्या. भरवून घेण्यापेक्षा शिकण्यात मान अधिक आहे. आणि ज्यांनी श्रद्धेने आयुष्यभर शाकाहार पाळला, त्यांच्या आमटीत 'कळणारही नाही' म्हणून मासा कधीही मिसळू नका. त्यांच्यासाठी डाळी, दूध, पनीर आणि सोयाबीन आहेत. फसवून घातलेल्या घासाने प्रथिने मिळतील, पण विश्वास जाईल. आणि ज्या हातावर विश्वास नाही, त्या हातचे औषधही घशाखाली उतरत नाही.

स्वेच्छेने घेतलेला पहिला घास मात्र लहानसा असला, तरी पुढच्या घासाची वाट मोकळी करतो.